आमच्या गावची लॅटिन

लॅटिन ही मृत भाषा होय, असे आम्ही लहानपणी शिकलो आणि पुढे पस्तीस वर्षे मुलांनाही तसेच शिकविले. रोमचे राज्य बुडाले, त्याबरोबर ती भाषाही लोकांच्या तोंडून गेली, ग्रंथांत तेवढी राहिली, असा तो पाठ. परंतु सेवानिवृत्तीनंतर शिनोलीस कायमचे राहावयास आल्यापासून ह्या मृत भाषेचा संचार आमच्या अवतीभवती इतका दिसू लागला आहे, की तिला मृत म्हणावयास जीभ रेटत नाही. आमचे गाव घोड नदीच्या खोऱ्यात, घोडेगावाहून भीमाशंकराकडे जाणाऱ्या वाटेवर आहे. येथे लॅटिन शिकलेला मनुष्य औषधालाही मिळावयाचा नाही. तरीही एस. टी.च्या थांब्यावर, ग्रामपंचायतीच्या ओट्यावर, दवाखान्यात आणि विशेषतः कोर्टाच्या तारखेहून परतणाऱ्या मंडळींच्या तोंडी आठवडाभरात जेवढी लॅटिन आमच्या कानी पडते, तेवढी एखाद्या पदवीधराच्या बैठकीतही पडत नसेल.

ह्या विषयात बोलण्याचा आमचा अधिकार कोणता, असे कोणी विचारील. आमचे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. पुढे झाले ते संस्कृतच. पण पुण्यास असता रस्त्यावरच्या जुन्या पुस्तकांच्या ढिगात केनेडीसाहेबांचे लॅटिन व्याकरण चार आण्यांच्या मोलाने हाती लागले आणि ते उघडताच परक्या घरात शिरून भिंतीवर आपल्याच आजोबांची तसबीर पाहावी तसे झाले. तीच विभक्तींची उतरंड, तीच धातूंची रूपे, तीच तीन लिंगे. सर विल्यम जोन्स ह्यांनी 1786 साली कलकत्त्यास एशियाटिक सोसायटीपुढे जे सांगितले, की संस्कृत, ग्रीक व लॅटिन ह्या एका मुळापासून निघाल्या असाव्यात, ते ज्याला 'राम: रामौ रामा:' पाठ आहे त्याला दोन पानांतच पटते. तेव्हापासून हा छंद आम्हास जडला, तो आजतागायत सुटलेला नाही.

प्रथम घरगुती शब्द घेऊ. आमच्याकडे 'व्हाया' हा शब्द लहान मूलही बोलते. एस. टी.च्या पाटीवर 'मार्गे' असे चांगले मराठी लिहिलेले असते, पण विचारणारा विचारतो, 'ही व्हाया मंचर जाणार का?' लॅटिनमध्ये 'व्हिआ' म्हणजे रस्ता, आणि येथे ते आपल्या तृतीयेच्या अर्थाने येते, म्हणजे 'अमक्या रस्त्याने'. तेव्हा पाटीवरचे 'मार्गे' हे त्याचे शब्दशः भाषांतरच होय. पण आमच्या लोकांनी त्याही पुढे मजल मारली आहे. एखादी वार्ता चार तोंडांतून फिरत आली म्हणजे ती 'व्हाया व्हाया' आली, असे म्हणतात. द्विरुक्तीचा हा अलंकार रोमन मनुष्यास सुचला नसता; तो अस्सल मराठी आहे, आणि आम्हास तो मनापासून आवडतो.

'पी. एम.' ह्या दोन अक्षरांची गोष्ट याहून मौजेची. घड्याळात पी. एम. म्हणजे 'पोस्ट मेरीडिएम', माध्यान्हीनंतरचा काळ. 'मेरीडिएस'मध्ये आपला 'मध्य' आणि आपला 'दिन' ह्यांचे भाईबंद दडलेले आहेत. सरकारी दवाखान्यात पी. एम. म्हणजे 'पोस्ट मॉर्टेम', मृत्यूनंतरचे. येथेही 'मॉर्टेम' आणि 'मृत्यू' एकाच कुळातले, आणि 'पोस्ट' हा आपल्या 'पश्चात्'चा चुलतभाऊ. वर्तमानपत्रात पी. एम. म्हणजे देशाचे पंतप्रधान. एकदा थांब्यावर एक म्हातारबाबा 'पी. एम. किती वाजता आहे?' असे विचारीत होते आणि त्यांना वेळेचे, मयताचे की दौऱ्याचे विचारावयाचे आहे, हे कोणालाच कळेना. शेवटी ते मयताचे निघाले. लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी, की 'पोस्ट मॉर्टेम' ह्या शब्दांत चिरफाडीचा कोठेही उल्लेख नाही. 'मेल्यावर' एवढाच अर्थ. पण मराठीत त्याला चिरफाडीचाच अर्थ पक्का चिकटला आणि आता एखाद्याच्या भाषणाचेही लोक 'पोस्टमार्टेम' करतात.

ग्रामसभेच्या दिवशी दोन लॅटिन शब्द हमखास भेटतात: 'अजेंडा' आणि 'कोरम'. 'अजेंडा' हे मुळात अनेकवचन आहे. 'करणीय गोष्टी' असे त्याचे नेमके संस्कृत होईल. ज्या धातूपासून तो निघाला त्याचे रूप वेदात 'अज्', हाकणे, असे आहे. कागदावर त्यास 'विषयपत्रिका' म्हणतात ते योग्यच. परंतु अलीकडे 'त्याचा काहीतरी अजेंडा आहे' असे कोणी म्हणाले, म्हणजे त्या माणसाच्या पोटात काही काळेबेरे आहे, असे समजावे. जी गोष्ट सर्वांना आधी वाचून दाखवावयाची, तिचेच नाव लपविलेल्या हेतूला मिळाले. शब्दाचे नशीब ते हे असे.

'कोरम' तर केवळ एक षष्ठीचे रूप आहे: 'येषाम्', ज्यांच्यापैकी. इंग्लंडात न्यायाधीशांच्या नेमणुकीचे जुने हुकूम लॅटिनमध्ये निघत, आणि त्यांत 'ज्यांच्यापैकी तुम्ही एक असावे अशी आमची इच्छा आहे' अशा अर्थाचे वाक्य असे. त्यातला पहिला शब्द सुटा पडला आणि त्याचे नाम झाले. आपल्याकडे महाराष्ट्राच्या कायद्याने सर्वसाधारण ग्रामसभेस एकूण मतदारांपैकी शेकडा 15 किंवा 100 मतदार, ह्यांतील जी संख्या कमी असेल ती लागते. त्यास 'गणपूर्ती' असा सुरेख शब्द आहे; पण 'कोरम झाला नाही, सभा तहकूब' हेच सर्वांच्या तोंडी. तहकूब सभेला पुन्हा गणपूर्तीची अट नाही, हे मात्र पुष्कळांना ठाऊक नसते. ज्यांना ठाऊक असते ते पहिल्या सभेला न येता दुसऱ्या सभेला नेमके येतात.

हे पाहुणे सगळे इंग्रजांबरोबर आले, अशी एक समजूत आहे. ती खरी नव्हे. आमच्या शेजारचे जुन्नर ही शातवाहनांच्या काळी मोठी पेठ होती. तेथील माल नाणेघाट उतरून कल्याणच्या बंदराकडे जाई, आणि पश्चिम किनाऱ्याचा व्यापार त्या काळी थेट रोमन साम्राज्यापर्यंत पोहोचलेला होता. जुन्नरच्या लेण्यांतील शिलालेखांत यवन दात्यांची नावे कोरलेली आजही वाचावयास मिळतात. त्या व्यापारातून रोमन नाणी भारतात आली आणि त्यांतल्या एका नाण्याचे नाव संस्कृतात राहून गेले. 'डेनारिउस' हे रोमचे चांदीचे नाणे. नावाचा अर्थ 'दहादहांचे', कारण आरंभी त्याचे मोल दहा तांब्याच्या नाण्यांइतके होते. संस्कृताने त्याचा 'दीनार' केला. गुप्तकाळच्या लेखांत सोन्याच्या नाण्यास हाच शब्द आहे, आणि अमरकोशात 'निष्क' शब्दाच्या अर्थांत तो सांगितला आहे. आमच्या ओळखीचे एक शास्त्रीबुवा 'दीनार' हा शब्द 'दीन' ह्यापासून साधून दाखवीत असत. आपला 'दश' जेथे 'देकेम' ह्या रूपाने गेली हजारो वर्षे नांदत होता, तेथूनच तो नाण्यावर बसून परत आला आणि आपण त्याला ओळखले नाही, एवढीच ती गोष्ट.

पुढे पोर्तुगीज आले. वसई त्यांच्या ताब्यात 1534 साली गेली आणि चिमाजी आप्पांनी ती 1739 साली घेतली. मधल्या दोनशे वर्षांत, पोर्तुगीज ही लॅटिनची कन्या असल्यामुळे, आजीच्या घरचे पुष्कळसे सामान मराठीच्या माजघरात येऊन पडले. 'चावी' ही लॅटिन 'क्लाविस'. 'पाव' हा 'पानिस'. 'पाद्री' हा 'पाटेर', म्हणजे आपला 'पितृ'. 'तुरुंग' हा 'त्रुंकुस', झाडाचे खोड, कारण कैद्याचे पाय लाकडाच्या ओंडक्यात अडकवीत. आणि 'पगार' हा ज्या क्रियापदापासून आला त्याचा मूळ अर्थ 'शांत करणे' असा आहे. घरच्या मंडळींना हा अर्थ सांगितला तेव्हा त्या म्हणाल्या, की महिन्याच्या एक तारखेपुरता तो खराच आहे.

येथे आमच्या स्वतःच्या ज्ञातिबांधवांस चार शब्द सांगणे प्राप्त आहे. अलीकडे भ्रमणध्वनीवर एक मजकूर वरचेवर येतो, व तो बहुधा चांगल्या सुशिक्षित घरांतून येतो. त्यात म्हटलेले असते, की 'सप्टेंबर' म्हणजे 'सप्त-अंबर', 'ऑक्टोबर' म्हणजे 'अष्ट-अंबर', 'डिसेंबर' म्हणजे 'दश-अंबर', अर्थात आकाशाचे सातवे, आठवे व दहावे भाग. हे महिने आपल्याच ऋषींनी मोजून दिले आणि पाश्चात्त्यांनी चोरले. 'एक्समस'मधला 'एक्स' म्हणजे रोमन दहाचा आकडा, असे त्यास शेपूटही जोडलेले असते. हे सर्व निराधार आहे. रोमन लोकांचे वर्ष पूर्वी मार्चपासून सुरू होई. त्या गणनेने सप्टेंबर सातवा आणि डिसेंबर दहावा. पुढे इ. स. पू. 153 पासून रोमचे मुख्य अधिकारी एक जानेवारीस पदावर येऊ लागले, वर्षारंभ मागे सरकला, आणि महिन्यांची नावे मात्र जुन्याच आकड्यांना धरून बसली. 'सेप्टेम' आणि 'सप्त' ह्या सख्ख्या बहिणी आहेत, ह्यात संशय नाही. पण बहिणीला मुलगी म्हणणे हे नात्याचे ज्ञान नव्हे. अंबराचा तर येथे काडीचा संबंध नाही. आणि 'एक्समस'चा 'एक्स' हे ख्रिस्ताच्या ग्रीक नावाचे पहिले अक्षर आहे. संस्कृताचा मोठेपणा इतका उघड आहे, की त्यासाठी खोट्या व्युत्पत्तीची भीक मागण्याचे काही कारण नाही. ज्यांच्या घरी कोश आहेत, त्यांनी तरी ते उघडावेत.

लोकांच्या तोंडी लॅटिनची मोडतोड होते म्हणून हसणारेही आम्हास भेटतात. त्यांना आम्ही आपल्या संस्कृताचे मराठीत काय झाले ते पाहावयास सांगतो. 'ओं नम: सिद्धम्' ह्या मंगलवचनाचा 'ओनामा' झाला. 'यद्वा तद्वा'चे 'अद्वातद्वा' झाले. श्राद्धात जानवे डाव्या खांद्यावरून उजव्यावर घ्यावयाचे व पुन्हा डाव्यावर आणावयाचे, त्या 'सव्यापसव्या'चा अर्थ मराठीत 'नसती यातायात' असा झाला. ज्या कोणी तो प्रथम केला, त्याने पाटावर बसून भटजींच्या आज्ञा बऱ्याच वेळ ऐकल्या असल्या पाहिजेत. 'स्वाहा' म्हणजे देवतेस अर्पण. पण एखाद्याने संस्थेचे पैसे 'स्वाहा केले' म्हणजे देवतेस काही पोहोचले नाही, हे सर्वांना कळते. शब्द लोकांत गेला की तो लोकांचा होतो. त्यात कोणाचे बिघडत नाही.

बिघडते ते निराळ्या ठिकाणी. ते सांगण्यासाठीच हा लेख लिहावयास घेतला.

आम्ही मुख्याध्यापक असताना वरच्या अंगाच्या एका वाडीतली, महादेव कोळी समाजाची एक हुशार मुलगी आमच्या शाळेत होती. तिला शिष्यवृत्तीसाठी शाळेत शिकत असल्याचा दाखला हवा होता. आम्ही शाळेच्या छापील कागदावर, शिक्का व सही करून, 'विद्यार्थी असल्याचा दाखला' असे शीर्षक घालून, स्वच्छ मराठीत तो लिहून दिला. तिचा बाप एक दिवसाची मजुरी बुडवून तो एका कार्यालयात घेऊन गेला. तेथून तो परत पाठविण्यात आला: 'हे नको, बोनाफाईड आणा.' बाप आमच्यापुढे येऊन उभा राहिला आणि म्हणाला, 'गुरुजी, दाखला चालत नाही, बोनाफाईट लागतंय म्हणत्यात.' त्याच्या मुद्रेवरून असे दिसले, की ती वस्तू आपल्या मुलीसारख्यांना मिळण्याजोगी आहे की नाही, ह्याचीच त्याला शंका होती. आम्ही तोच मजकूर पुन्हा लिहिला, अक्षरानेही फरक केला नाही, आणि माथ्यावर 'बोनाफाईड' एवढा शब्द घातला. त्याची दुसऱ्या दिवसाचीही मजुरी गेली. दाखला मात्र चालला.

आता हा शब्द आहे काय? 'बोना फिडे', म्हणजे 'चांगल्या श्रद्धेने', 'सद्भावनेने'. हे तृतीयेच्या अर्थाचे रूप आहे. नाम नव्हे, मग दाखल्याचे नाव असणे दूरच. कायद्यात त्याला मोठे महत्त्व आहे. एखाद्याने काही केले ते सद्भावनेने केले की नाही, ह्यावर त्याची सुटका किंवा शिक्षा अवलंबून असते. 1860 च्या दंडसंहितेने योग्य काळजी व लक्ष ह्यांवाचून केलेले कृत्य सद्भावनेचे मानावयाचे नाही असे सांगितले, आणि 1 जुलै 2024 पासून अमलात आलेल्या भारतीय न्यायसंहितेनेही तीच व्याख्या राखली. तर 1897 च्या जनरल क्लॉजेस अ‍ॅक्टाच्या मते प्रामाणिकपणे केलेले कृत्य हयगयीचे असले तरी सद्भावनेचेच. एवढा ज्याचा ऊहापोह, तो शब्द आपल्या शाळांत एका चिटोऱ्याचे नाव होऊन बसला. त्यालाही आमची हरकत नव्हती. पण मराठीत लिहिलेले सत्य परत पाठवावयाचे आणि त्याच सत्याच्या डोक्यावर न समजलेला शब्द बसविला की ते स्वीकारावयाचे, ह्यात 'सद्भावना' कोणाची राहिली? दाखला परत करणाऱ्या त्या गृहस्थास बोनाफाईडचा अर्थ विचारला असता, तर तोही 'बोनाफाईड म्हणजे बोनाफाईड' ह्यापलीकडे काही सांगू शकला नसता, अशी आमची खात्री आहे.

ह्याच 'फिडेस'पासून निघालेला 'अ‍ॅफिडेव्हिट' हे तर आख्यातच आहे: 'त्याने शपथेवर सांगितले'. 'कॅव्हेट' हेही तसेच, 'त्याने सावध असावे'. दिवाणी संहितेत कॅव्हेटचे कलम 1976 च्या दुरुस्तीने आले. तो दाखल केल्यापासून 90 दिवस टिकतो. आमच्याकडे बांधाचे भांडण सुरू झाले की 'कॅव्हेट लावून ठेवला' असे म्हणतात, जणू दाराला कडी लावावी, आणि नव्वद दिवसांनी ती कडी आपोआप निघते हे विसरतात. अ‍ॅफिडेव्हिटाच्या बाबतीत महाराष्ट्र शासनाने 2015 साली पुष्कळ दाखल्यांसाठी त्याची अट काढून साधे स्वयंघोषणापत्र पुरे केले, ही फार चांगली गोष्ट झाली. तरी अजूनही लोक आपण होऊन शपथपत्र करून घेतात. लॅटिन नाव असलेला कागद जवळ असला म्हणजे त्यांना धीर वाटतो.

पण सर्वांत घातक शब्द आम्ही पाहिला तो 'एक्स'. लॅटिनमध्ये 'एक्स' म्हणजे 'पासून', आपली पंचमी. पदामुळे जो सभासद असतो तो 'एक्स ऑफिशिओ', मराठीत 'पदसिद्ध'. शाळा व्यवस्थापन समितीचा मुख्याध्यापक हा पदसिद्ध सचिव असतो. आम्ही तसे असताना एका पालकांनी आम्हास विचारले होते, की अजून नोकरीत असताना तुम्हाला 'एक्स' कसे म्हणतात? त्यांचा प्रश्न अगदी रास्त होता. 'एक्स सरपंच' म्हणजे माजी सरपंच, 'एक्स मिलिटरी' म्हणजे फौजेतून निवृत्त. मग 'एक्स ऑफिशिओ' म्हणजे माजी अधिकारीच असावयास पाहिजे.

तीन वर्षांपूर्वी आमच्या ओळखीचे एक शेतकरी, वय साठीच्या पुढे, ओल्या शेंगांची पिशवी घेऊन आनंदाने आमच्याकडे आले. चुलतभावाने त्यांच्यावर वाटपाचा दावा लावलेला होता. 'गुरुजी, सुटलो एकदाचा,' ते म्हणाले, 'कोर्टात एक्स पार्टी झाली.' आम्ही विचारले, 'कोण झाली?' 'समोरची. कारकुनानं फोनवर सांगितलं. पार्टी एक्स झाली म्हंजी माजी झाली. आता त्यो केसमधी नाही.'

आमच्या पोटात धस्स झाले. 'एक्स पार्टे' म्हणजे 'एका बाजूकडून', एकतर्फी. भाताच्या आवणीच्या दिवसांत ते दोन तारखांना गेले नव्हते, वकीलपत्र दाखल व्हावयाचे राहिले होते, आणि कोर्टाने दावा त्यांच्या गैरहजेरीत एकतर्फी चालविण्याचा हुकूम केला होता. कारकुनाने एवढा एक शब्द फोनवर सांगून आपले कर्तव्य आटोपले आणि हे गृहस्थ सात आठवडे निश्चिंत झोपले. ज्या वाक्याने त्यांची जमीन जावयाची, त्याच वाक्यावर ते शेंगा वाटीत फिरत होते. आम्ही त्यांना बसवून घेतले आणि सावकाश सांगितले, 'आबा, समोरचा माजी झालेला नाही. तुम्ही झाला आहात.' त्यांना ते पटावयास बराच वेळ लागला. मग पिशवी तेथेच ठेवून ते उठले आणि पुतण्यास बोलावून आणले.

दुसऱ्या दिवशी पुतण्याबरोबर त्यांना तालुक्यास पाठविले. सुदैवाने हुकूमनामा अद्याप झालेला नव्हता. तो झाला असता, तर रद्द करून घेण्यासाठी अर्जाची मुदत तीस दिवसांची, आणि त्यापुढे उशिराचे कारण पटवून देण्याची यातायात. येथे एकतर्फी हुकूम उठविण्याचा अर्ज झाला, खर्चाची रक्कम भरावी लागली, आणि त्यांना आपले म्हणणे मांडण्यास परवानगी मिळाली. तो दावा अद्याप न्यायप्रविष्ट आहे. तेव्हा त्याविषयी अधिक लिहिणे युक्त नव्हे.

ह्या प्रकरणात चीड आणणारी गोष्ट ही, की 'एकतर्फी' हा शब्द आमच्या आबांना पूर्णपणे समजतो. 'एकतर्फी प्रेम', 'एकतर्फी सामना' असे तो सर्वांच्या बोलण्यात आहे. महाराष्ट्रात जिल्हा व तालुका न्यायालयांची भाषा मराठी असावी, अशी अधिसूचनाही 1998 साली निघाली आहे. म्हणजे शब्दही होता आणि तो वापरण्याचा अधिकारही होता. नव्हती ती तसदी घेण्याची इच्छा. जाणत्याने अवघड शब्द वापरला की त्याचा भाव वाढतो, हा व्यवहार जुना आहे. आणि आम्ही तरी तो कोणत्या तोंडाने दुसऱ्यास सांगावा? आमच्या घरांतून पिढ्यान् पिढ्या यजमानास संकल्पाचा अर्थ न सांगता त्याच्या हातावर पळीभर पाणी सोडावयास लावले गेलेच की. फरक इतकाच, की तेथे यजमानाची जमीन जात नसे.

शब्दाच्या अज्ञानाने केवढी उलथापालथ होते ह्याचे एक उदाहरण वरच्या पायरीवरचेही आहे. 'हेबियस कॉर्पस' म्हणजे 'तू देह हजर ठेवावास': कैदेत टाकलेल्या जिवंत माणसास न्यायाधीशापुढे उभे करण्याची आज्ञा. आमच्याकडे 'बॉडी' म्हटले की मयत समजतात. त्यामुळे हेबियस कॉर्पस हा खुनाच्या तपासाचा काही प्रकार असावा, असे पुष्कळांना वाटते. आणीबाणीच्या काळात, 28 एप्रिल 1976 रोजी, सर्वोच्च न्यायालयाने अशी आज्ञा मागण्याचा हक्क त्या काळापुरता कोणालाही नाही, असा निर्णय बहुमताने दिला; न्यायमूर्ती खन्ना एकटे विरुद्ध होते. तो निर्णय चुकीचा होता, असे त्याच न्यायालयाने 2017 साली स्पष्ट म्हटले. 1976 साली आम्ही विद्यार्थी होतो. वर्तमानपत्रातले ते दोन शब्द पुष्कळांनी वाचले आणि ओलांडून पुढे गेले. आपला कोणता हक्क गेला, हे शेजारच्या घरातला कर्ता पुरुष तुरुंगात असणाऱ्यांनाच काय ते समजले.

मग सगळे लॅटिन शब्द हाकलून द्यावेत काय? तसे आमचे मत नाही. येथून जवळच शिवनेरीवर जन्मलेल्या शिवछत्रपतींनी फारसी शब्दांना संस्कृत पर्याय देणारा राज्यव्यवहारकोश रचवून घेतला. त्याचे मोल मोठे आहे. तरीही अर्ज, दावा, वकील, तारीख, जमीन, हक्क हे शब्द मराठीतच राहिले, कारण ते लोकांना समजत होते. उलट संस्कृत पर्याय दिला म्हणजे अर्थ पोहोचलाच, असेही नाही. संविधानाच्या मराठी पाठात 'को वॉरंटो' ह्यास 'क्वाधिकार' म्हटले आहे. 'क्व' आणि 'को' ही एकाच प्रश्नार्थक मुळाची रूपे, त्यामुळे आमच्यासारख्यास तो शब्द पाहून आनंद होतो. पण आबांना दोन्ही सारखेच. 'अधिकार कोणता, दाखवा' असे म्हटले तर मात्र ते लगेच समजतील. चांगला पर्याय कसा असावा ह्याचा मासला आमच्या मते 'जैसे थे' हा आहे. 'स्टेटस को' ह्या लॅटिन शब्दांना कवाइतीतल्या त्या दोन शब्दांनी जसे पकडले, तसे कोणत्याही पंडिताला पकडता आले नसते. कोर्टाचा 'जैसे थे' हुकूम झाला म्हणजे नांगर कोठे थांबवावयाचा, हे अक्षरशत्रूलाही कळते.

'सुओ मोटू'चे तेवढे राहिले. न्यायालयाने स्वतःहून दखल घेणे, हा त्याचा अर्थ. वर्तमानपत्रात तो 'सुमोटो' असा येतो, आणि गावातल्या एका सद्गृहस्थांची ठाम समजूत अशी, की ही पोलिसांची सुमो मोटार असून कोर्ट ती पाठविते. परिणाम बहुतेक सारखाच होत असल्याने त्यांची समजूत बदलण्याची घाई आम्ही केली नाही.

आबांच्या प्रकरणानंतर आम्ही एक कागद घेतला, त्यावर मोठ्या अक्षरांत असे अकरा शब्द व त्यांचा सरळ मराठी अर्थ लिहिला आणि सरपंचांच्या परवानगीने ग्रामपंचायतीच्या फलकावर लावला. 'एक्स पार्टे' सर्वांत वर, तांबड्या शाईने. पंधरा दिवसांनी पाहतो तो खाली निरनिराळ्या हस्ताक्षरांत भर पडलेली. कोणी 'कोरम' पुढे मागच्या सभेची तारीख घालून उद्गारचिन्ह काढले होते. कोणा शाळकरी मुलाने 'अ‍ॅल्युम्नी म्हणजे काय' असे विचारले होते. त्यास आम्ही उत्तर लिहिले, की शाळेने ज्याचे पोषण केले तो. शाळेच्या अर्जावर ज्यास 'पाल्य' म्हणतात, अगदी तोच शब्द. ते अनेकवचन आहे, एकट्याने स्वतःस 'अ‍ॅल्युम्नस' म्हणावे, हेही कंसात घातले. अगदी तळाशी पेन्सिलीने कोणी लिहिले आहे, 'गुरुजी, डिट्टो?' तो शब्द इटलीहून आला. मूळ लॅटिन 'डिक्टुस', म्हणजे 'उक्त', आपल्या दस्तऐवजांतला 'सदरहू'. कागदावर जागा उरलेली नाही, म्हणून उद्या दुसरा कागद जोडावा लागेल.